मावशीचं पाणी आणि मैत्रिणीच्या किल्ल्या



दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय वाचतात. दहा दिवस, दहा अध्याय. सांगलीला पाठशाळेत जात होते तेव्हापासून मी तो ऐकते आहे. पण त्यातल्या शेवटून दुसऱ्या सूत्रापाशी माझं मन कधी थांबलं नव्हतं, घरी जाऊन पारण्याचं बघायचं असायचं. यंदा थांबलं, कारण शेजारी मावशी बसली होती.

त्या सूत्राचा आशय असा, की खरं कोणतं आणि खोटं कोणतं हा भेद न करता मनाला येईल तसं जाणणं, हे वेड्या माणसाच्या जाणण्यासारखं आहे. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्यावर दाखला दिला आहे. वेडा माणूस कधी आईला बायको म्हणतो, कधी बायकोला आई. आणि कधी कधी तो आईला आईच म्हणतो. पण तेव्हाही त्याचं ज्ञान खरं धरायचं नाही, कारण ते योगायोगाने बरोबर आलेलं आहे. (सूत्राचा विषय मिथ्यादृष्टी हा आहे, मनाचा आजार नव्हे, हे मला ठाऊक आहे. पंडितजींनी रागावू नये. आजारी माणूस मिथ्यादृष्टी असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही.)

उत्तर बरोबर, तरी ज्ञान चूक, हे कसं? मला ते गेल्या दोन-अडीच वर्षांत दोन बायकांमुळे कळलं. दोघी माझ्यापाशी जवळजवळ एकच वाक्य बोलल्या होत्या, "माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय गं." एकीच्या बाबतीत ते खरं नव्हतं, दुसरीच्या बाबतीत होतं. मी दोन्हीकडे चुकले. दोघींना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

मावशी काका गेल्यावर जयसिंगपूरहून पुण्याला मुलाकडे आली, सिंहगड रस्त्याला. पाणी गाळून घेणं आपल्या सगळ्यांच्याच घरी असतं. मावशी दोनदा गाळू लागली. मग तीनदा. मग फडकं रोज नवं हवं झालं. आम्ही काय म्हणालो? "मावशी किती काटेकोर आहे बघा, नाहीतर आपण!" मीच म्हणाले होते. मंदिरातल्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या. सहा-सात महिने तिचा आजार धर्माचा पदर घेऊन घरात वावरत होता आणि आम्ही त्याला नमस्कार करत होतो.

मग एक दिवस तिने वहिनीला हळूच सांगितलं, की वरच्या मजल्यावरचे लोक टाकीत काहीतरी मिसळतात आणि ते फक्त आपल्याच नळाला येतं. दादा चिडला. तिला गच्चीवर नेऊन टाकी उघडून दाखवली. ती म्हणाली, "तू येणार हे त्यांना कळलं होतं." सोसायटीचे सेक्रेटरी घरी येऊन बोलले, तर तेही सामील ठरले. शेवटी दादासुद्धा सामील ठरला, आणि मावशी दादाच्या हातचं पाणी पिईनाशी झाली.

मी काय केलं? मी तिची समजूत काढायची म्हणून "हो गं मावशी, असेल तसं, तू माझ्याकडे राहायला ये" म्हणत राहिले. मला ते प्रेम वाटत होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की भ्रमाशी वाद घालून उपयोग नाही आणि त्याला होकार देणं त्याहून वाईट. "मला पाण्यात काही दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटते आहे ती खरी आहे," एवढंच म्हणायचं. तेव्हा ऐकताना हे फार साधं वाटलं होतं. रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्या आईला हेच शांतपणे म्हणून बघा.

डॉक्टरांकडे जायला आम्ही वर्ष घालवलं. आधी कोणी जप सुचवला, कोणी विधान करायला सांगितलं, कोणी म्हणालं पूर्वकर्माचा उदय आहे, भोगून संपेल. कर्माचा उदय तर मोतीबिंदूही असतो. त्याला आपण ऑपरेशन करून घेतो ना? शेवटी डॉक्टरांनी गोळ्या लिहिण्याआधी बी-१२, थायरॉईड, लघवी आणि चक्क कान तपासायला पाठवलं. उतारवयात नीट ऐकू येईनासं झालं की दोन माणसं कुजबुजताना दिसली तरी ती आपल्याबद्दलच बोलतात असं वाटू लागतं. आणि बी-१२ फार कमी झालं तर विसराळूपणा, गोंधळ, कधी संशयसुद्धा येऊ शकतो. आपल्या शाकाहारी घरांत ही कमतरता नवी नाही. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मावशीचं बी-१२ खरोखरच कमी निघालं. इंजेक्शनांनी तिचे पाय मुंग्या यायचे थांबले, पण पाण्याचा संशय गेला नाही. तो गेला मनाच्या डॉक्टरांच्या गोळीने, तीन-चार महिन्यांत, हळूहळू. गेला म्हणजे पुसला गेला नाही, पातळ झाला. ती म्हणायची, "अजून वाटतं गं तसं, पण आता वाटण्यामागे धावावंसं वाटत नाही."

आणि मग आला जानेवारी २०२५.

पुणेकरांना सांगायला नको. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले, आकडा २०० च्या वर गेला. दूषित पाण्याचा संशय, पाण्याचे नमुने, टँकर, पाणी उकळून प्या म्हणून सूचना. सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर तेच. मावशीने दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ. मी दोन वर्षं सांगत होते."

दादाचा चेहरा पडला. त्या आठवड्यात गोळ्या बंद करण्याची चर्चा घरात खरोखर झाली. मीसुद्धा एक रात्र जागी होते, की आपण एका शहाण्या बाईला वेडं ठरवलं का? आता तो दाखला पुन्हा वाचा. वेड्याने आईला आई म्हटलं. मावशीचं म्हणणं असं होतं, की वरच्या मजल्यावरची अमुक माणसं फक्त आपल्या नळात विष घालतात. बातमीत होतं ते एका मोठ्या भागातल्या पाण्याबद्दल, जंतूंबद्दल. दोन्हींत "पाणी खराब" एवढे दोनच शब्द सारखे. मावशीने नमुना तपासायला दिला नव्हता, शेजारच्या दहा घरांना विचारलं नव्हतं. ती तिथवर पोचली ती भीतीच्या वाटेने. गोळ्या चालू राहिल्या. पाणीही सगळ्यांनी उकळून प्यायलं, कारण ते तर करायलाच हवं होतं.

आता दुसरी. आमच्या स्वाध्याय गटातली मैत्रीण, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. ती म्हणाली, हल्ली कपाटाच्या किल्ल्या ठेवते तिथे सापडत नाहीत. नवरा हसून म्हणतो, "तुझ्या लक्षात राहत नाही आताशा." दुसऱ्या दिवशी किल्ल्या आधी बघितलेल्या जागीच मिळतात. मग गॅस चालू ठेवलास, दुधाचे पैसे दोनदा दिलेस, आईशी उद्धट बोललीस आणि आता नाही म्हणतेस. पाहुण्यांसमोर हे सगळं काळजीच्या सुरात. शेवटी एका कागदाबद्दल, "तूच सही केलीस की गेल्या महिन्यात, आठवत नाही?" तिला खरंच आठवत नव्हतं.

तिला मी म्हणाले, "उपवासांनी थकवा आलाय तुला. मनात काही आणू नकोस." एव्हाना मावशीचं चालू होतं ना, त्यामुळे मला जिकडेतिकडे भ्रमच दिसायला लागले होते. ज्याला समजून घ्यायचं त्याला मी होकार देत होते, आणि जिला होकार द्यायचा तिला समजावत होते.

इंग्रजीत या प्रकाराला गॅसलाइटिंग म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून तो शब्द आला, आणि त्यावर १९४४ साली निघालेला इंग्रिड बर्गमनचा सिनेमा पुष्कळांनी बघितला असेल. नवऱ्याच्या चोरट्या उद्योगामुळे घरातले गॅसचे दिवे मंद होतात, आणि बायकोला तो पटवत राहतो, तुलाच भास होतो. आपल्याकडे शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. चार कषायांत माया आहेच, आणि पर्वाच्या तिसऱ्या दिवशी आपण आर्जव धर्मावर प्रवचन ऐकतो ते काय नुसतं बाजारातल्या वजनकाट्यापुरतं?

आपल्या न्यायग्रंथांत ज्ञानाचे तीन दोष सांगितले आहेत. लांबून दिसतंय ते खोड आहे की माणूस, हा संशय. शिंपल्याला चांदी समजून बसणं हा विपर्यय. आणि चालताना पायाला गवत लागलं, "असेल काहीतरी" म्हणून पुढे गेलो, हा अनध्यवसाय. मला हे पाठ होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण दोन बायकांकडे बघताना त्याचा उपयोग करायचं सुचलं नाही. मावशीला विपर्यय झाला होता. तिच्या मनात संशय नव्हताच मुळी! आपण त्याला संशयाचा आजार म्हणतो, पण खरं तर त्यात संशय उरत नाही, पक्कं ठरलेलं असतं. मैत्रिणीच्या घरी बरोबर उलटं. तिला ठामपणे माहीत असलेल्या गोष्टीत कोणीतरी रोज चिमूटभर संशय टाकत होतं, आणि थकून ती तिसऱ्या जागी चालली होती, "असेल काहीतरी, माझंच चुकत असेल." फसवणाऱ्याला तुमचं तिथेच पोचणं हवं असतं.

मैत्रिणीने पुढे काय केलं ते सांगते, कारण अक्कल तिची, माझी नव्हे. तिने एक वही केली. रोज रात्री किल्ल्या कुठे ठेवल्या ते लिहायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. गॅस बंद केल्याचीही खूण. दीड महिना. वहीत असेही दिवस होते की किल्ल्या जागच्या जागी मिळाल्या, आणि दोन दिवस असे की ती स्वतःच विसरली होती. तेही तिने लिहिलं. पण अकरा वेळा फोटोत किल्ल्या एका जागी आणि सकाळी दुसऱ्या जागी. मग ती वही घेऊन तिच्या भावाकडे गेली. तो वकील नाही, शिक्षक आहे, पण त्याने वही शांतपणे वाचली आणि तिच्यासोबत बँकेत गेला. तिच्या नावची ठेव मोडलेली होती. पुढचं न्यायालयात आहे म्हणून लिहीत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे वही करावी. थांबा. वही मावशीनेही केली होती! तिच्या गादीखाली आम्हाला सापडली. तारखा, वेळा, खाली उभ्या असलेल्या स्कूटरचे नंबर, कोण जिन्यात किती वेळ थांबलं. मैत्रिणीच्या वहीपेक्षा जास्त भरलेली, अक्षर सुरेख. पण त्या सबंध वहीत एकही ओळ तिच्या म्हणण्याविरुद्ध नव्हती. पाणी गोड लागलं त्या दिवशी लिहिलं होतं, "आज मुद्दाम चांगलं सोडलं." आपल्या मनावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, हे मला त्या दोन वह्या शेजारी ठेवून कळलं. मनात पहिलं काय आलं त्यावर नव्हे. आपण चुकलोय का हे बघायची आपली तयारी आहे, यावर तो विश्वास असतो.

पुण्यातल्या जुन्या माणसांना लागू खटला आठवत असेल. माझ्या सासूबाई त्याबद्दल सांगतात. शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या सधन विधवा बाई राहत. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्यावर उपचार करत, आणि घरच्यासारखे होऊन गेले होते. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते बाईंना डॉक्टरांना दाखवायचं म्हणून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांचं नाव वेगळंच सांगितलं गेलं, आणि १३ तारखेला त्या गेल्या. पुण्यात कोणाला कळवलं नाही. उलट पुढे ओळखीच्यांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली, की मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे आणि जयपूरजवळ राठोडी इथे राहते. तोवर त्यांची मालमत्ता लागूंच्या घशात जात होती.

त्या पत्रांपुढे बसलेल्या नातलगांची कल्पना करा. हातात पत्र आहे. सांगणारा माणूस डॉक्टर आहे. आणि आतून वाटतंय, ही बाई असं करणार नाही. कोणीही म्हणालं असतं, उगाच शंका काढता, संसार थाटला असेल तिने. पण त्यांच्या शंकेला तपासाची वाट होती. अक्षर कोणाचं? पैसे कुठे गेले? बाईंना शेवटचं कोणी बघितलं, कोणासोबत? १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. शवविच्छेदनात विष सापडलं नव्हतं, तरी परिस्थितीच्या पुराव्यावर पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ ला सर्वोच्च न्यायालयाने लागूंचं अपील फेटाळलं. तेही एकमताने नव्हे. तिघांपैकी न्यायमूर्ती सरकार यांना तो पुरावा पुरेसा वाटला नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. इतक्या तपासानंतरही एका न्यायाधीशाची शंका नोंदवून ठेवली गेली. मावशीच्या वहीत अशी जागा नव्हती.

आता थोडं घरच्या आणि मंदिरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल. मैत्रिणीने सुरुवातीला समाजातल्या एका मोठ्या माणसाला मध्ये घातलं होतं. ते म्हणाले, "आपला अनेकांत काय सांगतो? तुझंही बरोबर, त्याचंही बरोबर." मला हे ऐकून अजून राग येतो. अनेकांत म्हणजे किल्ली एकाच वेळी, एकाच अर्थाने, हलवलीही आणि नाहीही, असं नव्हे. स्यात् म्हणजे कोणत्या अपेक्षेने, ते सांगा. मावशीच्या बाबतीत तो लागू पडतो, तिची भीती खरी आणि विष खोटं. नवऱ्याने केलेल्या लबाडीवर तो पांघरूण म्हणून घालू नका.

आणि "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे वाक्य. सून नकोशी झाली की ते किती सहज बाहेर पडतं! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की घरच्यांच्या किंवा समाजाच्या रीतींशी पटत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही. भावनिक छळ हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच धरला आहे. माराचे वळ दाखवावे लागत नाहीत. दुसऱ्या बाजूला, ज्या घरात खरा आजार आहे त्यांनी लपवून ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नुसता स्किझोफ्रेनियाच दर ३०० माणसांमागे एकाला असतो. आपलं मंदिर भरलं तर तेवढी माणसं असतात. कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींच्या पत्नीला तो आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या 'देवराई' सिनेमामागेही ते होते. दादाला मी तो सिनेमा दाखवला. बहिणीची होणारी ओढाताण बघून तो उठून आत गेला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला की मला पण कोणाशी तरी बोलायला हवं. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फ्रिजवर लिहून ठेवा, गॅसच्या नंबरशेजारी.

एक गोष्ट आणखी, पर्वाच्या तोंडावर बोलायला हवी होती ती उशिरा बोलते. उपवासात गोळ्या बंद करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मनाच्या गोळ्या तर आधी बंद होतात, कारण त्या घेतो हे कोणाला कळू द्यायचं नसतं. मावशीनेही यंदा विचारलं, दहा दिवस राहू का तशी? डॉक्टरांनी नाही म्हटलं, एकाशन चालेल पण रात्रीची गोळी दिवसा घ्या, आणि वेळ त्यांनीच ठरवून दिली. मावशी थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "संयम तर संयम. गोळी घेण्याचा."

तर पहिल्या दिवशी, सूत्रवाचन संपल्यावर, मावशीने मला कोपराने ढोसलं. पर्समधून छोटी डबी काढली. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, जरा वेळ त्याकडे बघत राहिली, आणि मला म्हणाली, "आधी तू घे एक घोट." मी घेतला. मग तिने घेतलं.